आधारच्या खटल्यातून निघालेली वाट

समलिंगी संबंधांना गुन्ह्यांच्या यादीतून बाहेर काढणाऱ्या निकालाचा माग काढत मागे गेलं, की वाटेत चक्क आधार कार्ड भेटतं. हे पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हा मी थक्क झालो.

१८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगत होतं. दोघांची संमती होती का, हा प्रश्नच त्यात नव्हता. एड्स रोखण्याचं काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं. या कलमाच्या धाकाने लोक सल्ल्याला, उपचाराला पुढेच येत नव्हते. २ जुलै २००९ रोजी न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांनी सज्ञान व्यक्तींचे खासगीतले, संमतीचे संबंध कलमातून वगळले. पण ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. हे लोक संख्येने अगदी थोडे आणि दीडशे वर्षांत खटले दोनशेहून कमी, असंही त्यात नमूद होतं. ते वाचताना मला आजही राग येतो. खटला न भरता नुसत्या कलमाच्या नावाने पैसे उकळता येतात, घरी सांगण्याची धमकी देता येते. ती दहशत खटल्यांच्या आकड्यात कशी दिसणार? पुढच्याच महिन्यात फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले.

त्याच न्यायालयात तेव्हा एक निराळाच वाद चालू होता. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेविरुद्ध याचिका केली होती. वयाची ऐंशी ओलांडलेला हा माणूस विचारत होता, सरकारने माझ्या बोटांचे ठसे का घ्यावेत? सरकारचं उत्तर होतं की, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. त्याला आधार दोन जुन्या निकालांचा, १९५४ चा आठ न्यायमूर्तींचा आणि १९६२ चा सहा जणांचा. दुसरा निकाल ज्या खरक सिंगच्या खटल्यातला, त्याच्या दारावर पोलीस रात्री-अपरात्री थाप मारत असत.

आता गणित बघा. आठ जणांच्या पीठाचं म्हणणं खोडायचं, तर त्याहून मोठं पीठ हवं. म्हणून नऊ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

त्यांच्यापुढे कलम ३७७ नव्हतं. तरीही चार न्यायमूर्तींच्या वतीने न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात २०१३ च्या निकालाचा खरपूस समाचार आहे. लैंगिक कल हा माणसाच्या खासगीपणाचा गाभा आहे आणि संख्या थोडी म्हणून कोणाचा हक्क नाकारता येत नाही, असं त्यांनी बजावलं. कलमाचा निवाडा मात्र केला नाही, कारण ते प्रकरण दुसरीकडे प्रलंबित होतं. या संयमाचं मला फार अप्रूप वाटतं. कुलूप त्यांनी उघडलं, पण दार ढकललं नाही.

ते ढकललं नर्तक नवतेज सिंग जोहर आणि त्यांच्या सहअर्जदारांनी. त्यांची याचिका २०१६ ची. स्वतःचं नाव घालून, या कलमाची झळ आम्हाला लागते असं सांगत ते उभे राहिले. अशा कायद्यापुढे नाव देणं म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करून पाहा! ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. या समाजाची इतिहासाने माफी मागायला हवी, असं न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं.

खासगीपणाच्या हक्काने पोलिसांना घराबाहेर थोपवलं. पण लग्न लागतं चारचौघांत आणि नोंदवलं जातं सरकारदरबारी. तिथे हा हक्क पुरला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो निर्णय संसदेवर सोडला.