एक लोफ, दोन क्लोव्ह, डझनभर केळी

इंग्रजीत 'टू ब्रेड्स' म्हणता येत नाही. ब्रेड, राइस, शुगर, बटर या सगळ्यांना ही भाषा पाण्यासारखं वागवते: असतं, पसरतं, पण मोजता येत नाही. मोजायचंच असेल तर कढईला असतो तसा एक कान आधी लावावा लागतो. अ लोफ ऑफ ब्रेड. अ ग्रेन ऑफ राइस. अ पिंच ऑफ सॉल्ट. शाळेत आपण या जोड्या पाढ्यांसारख्या घोकल्या आणि चाचणीत रिकाम्या जागा भरून मोकळे झालो. पण हे कान कुणी घडवले, कशाचे घडवले, हे बघायला जरा थांबलं, तर जुन्या वाड्यात धान्याचं पेव सापडावं तसं होतं!

लोफच घ्या. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'ह्लाफ' असा होता आणि त्याचा अर्थ होता पाव. मग 'ब्रेड' म्हणजे काय? बऱ्याच भाषाअभ्यासकांच्या मते तुकडा, घास. साधारण १२०० सालापर्यंत या तुकड्याने पावाची जागा घेतली आणि बिचारा मूळ पाव नुसतं माप होऊन त्याच्या पुढे उभा राहिला. म्हणजे 'अ लोफ ऑफ ब्रेड' असं आपण म्हणतो, तेव्हा मुळात 'तुकड्यांचा एक पाव' मागत असतो.

पण खरी गंमत याच्या पुढेच आहे. घरातल्या पावाची राखण करणारा तो 'ह्लाफवेअर्ड', म्हणजे पावाचा राखणदार. शतकानुशतकं तोंडात घोळून शब्द झिजला. ह्लाफवेअर्डचा ह्लाफोर्ड झाला, त्याचा लोव्हर्ड झाला, आणि शेवटी उरला... लॉर्ड! घरात कणीक मळणारी ती 'ह्लॅफदीये'. तिची झाली लेडी. त्या घरचं खाऊन राहणाऱ्या आश्रितालाही शब्द होता, 'ह्लाफएटा', पाव खाणारा. तो मात्र काळाच्या ओघात गेला. आज लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणाऱ्या प्रत्येकाच्या बिरुदात भट्टीतून निघालेला एक पाव दडलेला आहे. आपण 'अन्नदाता' म्हणतो, तेव्हा त्यातलं अन्न लगेच दिसतं. इंग्रजीत ते इतकं आत मुरलंय, की बोलणाऱ्यालाही त्याचा पत्ता नाही.

बरं, काय मोजायचं आणि काय नाही, हे ठरवतं कोण? पदार्थ स्वतः? मग इंग्रजीत गव्हाचं 'व्हीट' न मोजता येणारं आणि 'ओट्स' मात्र अनेकवचनी, असं का? दाणे तर दोन्हींचे सुटेच असतात. मराठीही याच जातीची. आपण तांदूळ निवडले म्हणतो, गहू निवडले म्हणतो, पण ज्वारी निवडली! ज्वारीचे दाणे काय गव्हापेक्षा कमी सुटे असतात? आणि तेच अनेकवचनी तांदूळ कुकरमधून बाहेर आले की एकदम एकवचनी होतात. भात झाला.

भाषेची ही मर्जी एका ठिकाणी रंगेहाथ सापडली आहे, ती वाटाण्यात. जुन्या इंग्रजीत वाटाण्याला 'पीझ' म्हणत, आणि हे होतं एकवचन. अनेक असले तर 'पीझन'. पण शब्दाच्या शेवटी तो 'झ'! इंग्रजी कानाला तो अनेकवचनाचा प्रत्यय वाटू लागला. लोकांनी सरळ हिशेब केला: पीझ जर अनेक, तर एक म्हणजे नक्कीच 'पी'. सतराव्या शतकात हा 'पी' रूढ होत गेला. चेरीचीही तीच कथा. फ्रेंचमधून आलेल्या 'चेरीझ'चा शेवट कापला आणि एक चेरी हाती आली. व्याकरणाच्या पुस्तकात नियम म्हणून दिसणारं रूप कुणाच्या तरी कानाच्या चुकीतून जन्माला आलेलं असतं, याचं मला फार नवल वाटतं.

आता उठून लसणाचा एक गड्डा हातात घ्या. वरचं कागदासारखं पांढरं साल काढा आणि दोन अंगठ्यांनी मधोमध दाबा. हलकासा 'कट्' आवाज होतो आणि पाकळ्या सुट्या होतात. एकीची पाठ गोल, पोटाकडची बाजू चपटी. शेजारणीला खेटून वाढल्याची ती खूण. या एका पाकळीला इंग्रजीत 'क्लोव्ह' म्हणतात. पण क्लोव्ह म्हणजे तर लवंग! लसणाचा आणि लवंगेचा संबंध काय? काहीही नाही. लसणाचा क्लोव्ह जुन्या 'क्लुफू'वरून आला. चिरणे, दुभंगणे या अर्थाच्या 'क्लीव्ह'चा तो नातलग. तुमच्या अंगठ्यांखाली आत्ता जे घडलं, नेमकं तेच त्या शब्दात साठवलेलं आहे. लवंगेचा क्लोव्ह मात्र आला फ्रेंच 'क्लू'वरून, आणि क्लू म्हणजे खिळा. एक लवंग उभी धरून बघा. खाली बारीक दांडा, वर जाड डोकं. हुबेहूब खिळा! मराठीला लसणात ना चीर दिसली ना खिळा. तिला फूल दिसलं, म्हणून पाकळी.

कोबीला इंग्रजीत 'हेड' लावतात. यातली मजा अशी, की 'कॅबेज' हा शब्दच जुन्या फ्रेंचमधल्या डोक्यासाठीच्या शब्दावरून आलाय. डोक्याचं डोकं! केळ्यांच्या व्यापारात अख्खा घड म्हणजे 'बंच', त्यातली फणी म्हणजे 'हँड' आणि एकटं केळं म्हणजे 'फिंगर'. त्यांना हात दिसला, आपल्याला केस विंचरायची फणी. ओळीने लागलेले ते दात पाहिले की मला आपलीच नजर जास्त नेमकी वाटते.

केळी मोजायला आपण इंग्रजीकडून एक शब्द उचलला, तो म्हणजे डझन. पाववाल्यांचा डझन मात्र तेराचा असतो. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीच्या काळी पावाचा कायदा झाला. त्यात पावाची किंमत स्थिर ठेवायची आणि गव्हाच्या भावाप्रमाणे पावाचं वजन कमी-जास्त करायचं, अशी रीत होती. वजन कमी भरलं की शिक्षा. या धाकापोटी पाववाले बारावर एक जास्तीचा देऊ लागले, असं सहसा सांगितलं जातं.

आणि खुद्द डझन? फ्रेंच 'दूझ' म्हणजे बारा, त्यावरून 'दूझेन'. आणखी मागे गेलं की लॅटिन 'दुओदेकिम'. दुओ म्हणजे दोन, देकेम म्हणजे दहा. आता आपल्या 'बारा'चं बोट धरून उलटं चला. प्राकृत 'बारह', त्यामागे संस्कृत 'द्वादश'. द्वा म्हणजे दोन, दश म्हणजे दहा. दुओ आणि द्वा, देकेम आणि दश! हजारो वर्षांपूर्वी एकाच घरात जन्मलेले हे शब्द. एक रोमवरून, पॅरिसवरून, लंडनवरून फिरून आला. दुसरा इथेच झिजत झिजत राहिला. आणि मंडईच्या तोंडाशी हातगाडीवाला फणीतून केळी तोडत सांगतो, "डझन आहेत ताई, मोजून घ्या, बरोबर बारा."