पोटातले जिवाणू, प्रोबायोटिक आणि मुलांचं वजन



मागच्या पालकसभेनंतर एक आई मागे थांबल्या. मुलगा चौथीत, वजन जरा जास्त. पोरं चिडवतात म्हणून तो मधल्या सुट्टीत डबाच उघडत नव्हता. त्यांनी मोबाइलवरची एक जाहिरात दाखवली आणि विचारलं, "मॅडम, या प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या तर वजन उतरेल का हो?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. मग वाचन केलं. जे समजलं ते सोप्या शब्दांत मांडते.

पोटात कोण राहतं?

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. त्यांचं एकूण वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपासच. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. धान्याचा कोंडा, भाज्या, डाळी यांतले तंतुमय पदार्थ आपल्याला पचवता येत नाहीत. हे जिवाणू त्यातले बरेचसे आंबवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यातल्या काहींवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. म्हणजे आपण त्यांना जेवू घालतो आणि ते आपल्याला!

उंदरांनी काय शिकवलं?

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णपणे जंतूविरहित वातावरणात उंदीर वाढवले. २००४ साली त्यांनी दाखवलं, की अशा उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले तर दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, तेही आधीपेक्षा कमी खाऊन!

२०१३ सालचा प्रयोग तर मुलांना गोष्टीसारखा सांगता येईल. जुळ्या बहिणी, एक लठ्ठ आणि एक सडपातळ. दोघींचे जिवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी जास्त वाढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या उंदरांतही गेले आणि त्यांची चरबी वाढली नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. हे घडलं ते कमी चरबीचा, तंतुमय आहार दिला तेव्हाच. चरबी जास्त आणि फळं-भाज्या कमी असा आहार दिल्यावर ते जिवाणू तिथे टिकलेच नाहीत. पाहुणे आले, पण त्यांच्या ताटात काही नव्हतं!

मग पुडीचं काय?

योग्य प्रमाणात घेतल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरच्या चाचण्यांत वजनातला फरक काही ठिकाणी थोडासा दिसला, काही ठिकाणी दिसलाच नाही. म्हणून पुडी हे वजन उतरवण्याचं औषध नाही. प्रोबायोटिक म्हणून मिळणाऱ्या काही गोड पेयांत साखरही असते, तेव्हा लेबल जरूर वाचा.

घरच्या दह्या-ताकात जिवंत जिवाणू असतात. ते पौष्टिक अन्न आहे, रोज द्या. पण औषध म्हणून नको. कढी उकळली, इडली वाफवली की त्यातले हे जिवाणू मरतात. तरी ते पदार्थ चांगलेच.

घरी काय करावं?

- ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, शेवग्याच्या शेंगा, पेरू, केळं हे जिवाणूंचं खाणं. ते हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं तर पोट फुगतं.
- अँटिबायोटिक औषधं चांगल्या जिवाणूंनाही मारतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.
- रोज किमान तासभर पळापळीचा खेळ आणि पुरेशी झोप हवीच.
- वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नका. वय आणि उंचीच्या मानाने वजन खरंच जास्त आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

वर्गात करून पाहा

तापवून कोमट केलेलं दूध दोन वाट्यांत घ्या. एकीत चमचाभर विरजण घालून हलवा, दुसरीत काहीच घालू नका. दोन्ही झाकून उबदार जागी ठेवा. शाळा सुटताना उघडून दाखवा. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचं काम मुलांना डोळ्यांनी दिसतं.

त्या आईंना मी एवढंच सांगितलं, "ताई, पुडीचे पैसे ठेवा, डब्यात उसळ-भाकरी द्या. चिडवण्याचं मी बघते." आता आम्ही सगळे गोल बसून जेवतो. त्याचं वजन किती उतरलं ते मी विचारलेलं नाही. तो डबा उघडतो, उसळ मित्रांना वाटतो आणि घंटा होईपर्यंत मैदानावर पळतो.

तुमच्याही वर्गात असा एखादा न उघडलेला डबा असेल, तर आधी तिकडे बघा.