दुकान बंद करतानाचे देणे

दुकान बंद करणे हा काही गुन्हा नव्हे. पण आमच्या बऱ्हाणपुरातला शिंपी दुकान उठवताना शिवायला आलेले कापड ज्याचे त्याला पोचते करतो. ते त्याचे नसतेच. नवउद्योगांकडूनही एवढीच अपेक्षा आहे.

बंगळूरचा ‘कू’ हा २०२० मध्ये सुरू झालेला संदेशमंच मराठीतही चाले. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांना मातृभाषेत चार ओळी लिहिण्यास ती हक्काची ओसरी होती. ३ जुलै २०२४ रोजी संस्थापकांनी तो बंद करीत असल्याचे जाहीर केले. भागीदारीची बोलणी फिसकटली, खर्च झेपेना. कारणे पटण्याजोगी होती. पण अशा वेळी पहिला प्रश्न उरतो तो लिहिणाऱ्यांच्या ओळींचा. ‘ऑर्कुट’ बंद करताना गूगलने २०१४ मध्ये तीन महिने आधी कळवले आणि आपली छायाचित्रे उतरवून घेण्यास सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली. धनाढ्याला ते परवडते, हे खरे. परंतु पूर्वसूचनेला कुठे पैसे पडतात?

आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला. ती बरोबर घेऊन जाण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता. तो मात्र गळला. तो परत येईपर्यंत वाचकांनी आपल्या लेखनाची एक प्रत घरच्या वहीत उतरवून ठेवलेली बरी.