दुर्ग बुरुजावरचा आणि बिल्ल्यावरचा

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली किल्ल्याचा पाया घातला गेला. त्या किल्ल्याचे नाव १९७७ मध्ये सोव्हिएत बनावटीच्या एका लढाऊ जहाजाला मिळाले: आयएनएस सिंधुदुर्ग. ‘विजयदुर्ग’ आणि ‘होसदुर्ग’ ही तिची भावंडे. तिघांपैकी दोघांची नावे आजच्या एकाच जिल्ह्यातली. अंगाने लहान, पण जहाजे बुडवणारी चार क्षेपणास्त्रे घेऊन फिरणारी ही जहाजे सुमारे पाव शतक नोकरी करून निवृत्त झाली.

निवृत्त जहाजाचे पोलाद बहुधा भंगारात जाते. शौकिनांची धडपड असते ती पितळी बिल्ल्यासाठी. नौदलात त्याला ‘क्रेस्ट’ म्हणतात. वर अशोकस्तंभाचे सिंह, त्याखाली जहाजाचे नाव आणि गोल चौकटीत त्या जहाजाचे खास चिन्ह.

ही रीत ब्रिटिश नौदलाकडून आली. तिथेही १९१८पर्यंत मनमानीच होती. ज्या त्या जहाजाने आपल्याला हवे ते चिन्ह लावावे. मग चार्ल्स फोक्स या शस्त्रतज्ज्ञाच्या पुढाकाराने समिती बसली आणि आकारसुद्धा ठरले: बॅटलशिपला वर्तुळ, क्रूझरला पंचकोन, विनाशिकेला ढाल. दुसऱ्या महायुद्धानंतर सगळ्यांनाच वर्तुळ मिळाले. आपल्याकडे प्रजासत्ताक आले आणि वरच्या मुकुटाच्या जागी सिंह बसले.

बाजारातला प्रत्येक क्रेस्ट जहाजावरून उतरलेला असतो, असे समजणे मात्र भाबडेपणाचे. पाहुण्यांना आणि बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्यांना लाकडी फळीवर बसवलेले छोटे क्रेस्ट भेट द्यायची पद्धत आहे, आणि बाजारात फिरणारे पुष्कळसे हेच. त्यातही वाईट काही नाही, फक्त विकणाऱ्याने तसे सांगावे. जुना ओतीव बिल्ला ओळखायचा तर आधी उलटा करावा. वाळूच्या साच्यात ओतलेल्या पितळेची पाठ खरबरीत असते. बोल्टची भोके, त्यांच्याभोवती चिकटलेला रंग दिसतो. पुढच्या बाजूला सिंहांची नाके आणि अक्षरांच्या कडा झिजलेल्या असतात, कारण पितळ घासणे हे खलाशाचे न संपणारे काम. मालवणात समई चिंच-कोकमाने लखलखीत करतात, पण तो प्रयोग इथे करू नये. झीज आणि खाचांतला रंग हाच तर बिल्ल्याचा जन्मदाखला, आणि आंबट लावून घासले की तोच पुसट होतो.

आता सिंधुदुर्गच्याच किनाऱ्यावर एक अख्खे जहाज मुक्कामाला यायचे ठरले आहे. पोलंडमध्ये बांधलेली, १९८५च्या डिसेंबरात नौदलात आलेली आणि जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालेली ‘गुलदार’. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारे हे सुमारे ८४ मीटर लांबीचे जहाज २०२५च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली झाले. निवती रॉक या समुद्रातल्या खडकाजवळ ते बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायची, अशी योजना आहे.

बुडवण्याआधी तेल, वायरी, घातक रंग काढावे लागतात. पितळेचाही इथे उपयोग नाही. त्यातले तांबे कालव-शिंपल्यांना मानवत नाही; जहाजाच्या तळाला तांबेयुक्त रंग लावतात तो त्यांना दूर ठेवण्यासाठीच. तेव्हा गुलदारचे पोलाद निवतीच्या तळाशी आणि तिचा क्रेस्ट कोरड्या भिंतीवर, ही वाटणी मासळीच्याही सोयीची.