‘फीड’ आणि वाचकाची यादी

संकेतस्थळावर नवा मजकूर आला कीं नाहीं हें पाहण्यास रोज तेथें जावें लागूं नये, म्हणून १९९९ सालीं नेटस्केप कंपनीनें ‘आरएसएस’ नांवाची सोय काढिली. हिलाच ‘फीड’ म्हणतात. इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ जनावरांचा चारा असाही आहे, तेव्हां शेतकऱ्यास तो सहज लक्षांत राहील. स्थळ आपल्या ताज्या लेखांचीं नांवें, तारखा व पत्ते ठराविक नमुन्याच्या फाइलींत लिहून ठेवितें. वाचकाचें साधन ती फाइल वेळोवेळीं पाहून नवें तेवढें पुढें मांडतें. क्रम लावणारा मध्यस्थ त्यांत नसतो.

गूगलनें २००५ सालीं ‘रीडर’ हें साधन फुकट दिलें. लक्षावधि वाचक तेथेंच गोळा झाले. २०१३ च्या मार्चांत सूचना निघाली व १ जुलैस तें बंद झालें. फीड संपली असें तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें. आमचें मत तसें नाहीं. बंद पडलें तें एक दुकान. रस्ता मोकळाच राहिला. पॉडकास्टचे बहुतेक कार्यक्रम आजही ह्याच वाटेनें येतात, आणि वर्डप्रेसवर उभारलेलें स्थळ फीड आपोआप तयार करितें.

खरी अडचण समाजमाध्यमांची आहे. वाचकापुढें काय यावें हें तींच ठरवितात. फीड देण्यांत त्यांस लाभ नाहीं. ती पुढेंही वाढेल असें दिसतें. म्हणून साधन निवडतांना आपली यादी ‘ओपीएमएल’ फाइलींत बाहेर काढतां येते काय, हें प्रथम पाहावें. रीडर बंद होतांना ज्यांनीं ती वेळींच उतरवून घेतली, त्यांस ती दुसऱ्या साधनांत घालून वाचन पुढें चालवितां आलें.