माहुलीची धाप आणि लेहची हवा

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. कसाऱ्यात जेवढा, तेवढाच एव्हरेस्टच्या माथ्यावर. उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब, आणि दाब घटला की प्रत्येक श्वासात पदरी पडणारा ऑक्सिजन घटतो. कसाऱ्याला जादा इंजिनं जोडून गाडी घाट चढते आणि इगतपुरी येते. तेवढ्या चढाने दाब जेमतेम तीन-चार टक्के उतरतो, प्रवाशाला जाणवतही नाही. शहापूरचा माहुलीगड साडेआठशे मीटरच्या आसपास. तिथली धाप चढाची आणि दमट हवेची. कसाऱ्याहून जीप करून बारीला उतरणारे ट्रेकर १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर जातात. राज्यातल्या या सर्वांत उंच शिखरावरही दाब समुद्रसपाटीच्या ८२ टक्के असतो. निरोगी माणसाला ही तूट सहज पेलते.

लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर, तो ६५ टक्क्यांवर येतो. मुंबईहून विमानाने निघालेला माणूस काही तासांत तिथे पोचतो, आणि खरी अडचण या घाईतच आहे. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांलगत तांदळाच्या दाण्याएवढे दोन संवेदक असतात. रक्तातला ऑक्सिजन उतरल्याचं ते मेंदूला कळवतात; श्वास आणि नाडी दोन्ही वाढतात. पण जोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला आवर घालतो. ही ओढाताण रात्री दिसते: झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि माणूस दचकून उठतो. मग मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत जादा बायकार्बोनेट लघवीवाटे काढून टाकतात. तिथे वारंवार लघवीला जावं लागणं हे म्हणूनच चांगलं लक्षण. डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर घडवून आणते.

मूत्रपिंडांतूनच एरिथ्रोपोएटिन स्रवतं आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला लावतं. त्यांची भरीव वाढ व्हायला मात्र काही आठवडे जातात.

तोवर डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नकोसं होतं. तरीही वर जात राहिल्यास फुप्फुसांत पाणी झिरपू शकतं किंवा मेंदूला सूज येऊ शकते. बसल्या जागी दम लागला किंवा पाऊल झोकांडत पडू लागलं, तर ताबडतोब खाली उतरावं.

तरुण, धडधाकट माणसाला हे होणार नाही, हा समज घातक आहे. १९६२च्या युद्धात मैदानी भागातले जवान घाईने हिमालयात न्यावे लागले आणि अनेक जण आजारी पडले. इंदरजित सिंग आणि सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांच्या आजाराची नोंद १९६९मध्ये प्रसिद्ध केली; आजही तिचा आधार घेतला जातो. सह्याद्रीतल्या सरावाने पाय आणि दम तयार होतो, विरळ हवेची सवय होत नाही.

तिबेटी लोकांची गोष्ट निराळी. पिढ्यानुपिढ्या तिथे राहिल्याने त्यांच्यात ईपास-१ या जनुकाचं विशेष रूप रुजलं आहे, त्यामुळे त्यांचं रक्त फाजील दाट होत नाही. बाकीच्यांना दिवस मोजूनच चढावं लागतं: ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. २०१२मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमीच्या आठ गिर्यारोहकांनी एव्हरेस्ट गाठलं. अशा मोहिमांत वर चढून पुन्हा खाली मुक्काम करण्यात कित्येक आठवडे जातात. आठ हजार मीटरच्या वर मात्र कुठलंच जुळवून घेणं पुरत नाही, शरीर झिजतच जातं.

कमावलेली ही सवय खाली उतरल्यावर काही आठवड्यांत ओसरते. गेल्या वर्षी लेहला जाऊन आलेल्यालाही यंदा पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी लागते.