मासा गेला, किड्यावर आळ

सौदी अरेबियातल्या कतीफहून एका मराठी वाचकानं विचारलं आहे: घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून दोन महिन्यांत चार मासे नाहीसे झाले. मेलेला मासा दिसला नाही, काटा सापडला नाही. रात्री टाकीतून टक्-टक् आवाज येतो. एकदा अचानक दिवा लावला तर दगडाच्या फटीत एक गुलाबी, केसाळ किडा सरकताना दिसला. हाच मासे खातो का?

बहुधा नाही. पण तेवढ्यावर सोडण्यासारखा हा प्रश्न नाही, आणि तो कतीफहून यावा याची मला गंमतही वाटली. सोळाव्या शतकातल्या काही युरोपीय नकाशांवर अख्ख्या आखाताला कतीफचा समुद्र म्हटलेलं आहे. शेजारच्या तारूत बेटावरचं दारीन हे मोत्यांचं बंदर होतं आणि आखातातल्या मोत्यांचा मोठा बाजार होता आपल्या मुंबईत. आज कतीफ तिथल्या मासळीबाजारासाठी ओळखलं जातं. अशा गावात चार मासे हरवल्याची चिंता करणारा माणूस मला आवडला.

किड्याचं नाव एवढं खराब झालं ते 2009 च्या एका बातमीनं. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर न्यूकी इथं ब्लू रीफ नावाचं मत्स्यालय आहे. तिथल्या एका टाकीतली प्रवाळं कुरतडलेली दिसू लागली, मासे कमी होऊ लागले. सापळे लावून झाले, आमिषं ठेवून झाली. शेवटी कर्मचाऱ्यांनी टाकीतला एकेक दगड बाहेर काढला, तेव्हा चार फुटांचा किडा हाती लागला. त्यांनी त्याचं नाव ‘बॅरी’ ठेवलं आणि बॅरी जगभर गाजला. हा बॉबिट वर्म, शास्त्रीय नाव युनिस अ‍ॅफ्रोडिटॉइस. सगळं अंग वाळूत गाडून घेतो, डोक्यावरच्या पाच मिशा तेवढ्या वर, आणि मासा जवळून गेला की जबडे मिटतात. त्याच वर्षी जपानमधल्या शिराहामा बंदरात एका तराफ्यात दडलेला असाच किडा सापडला. तो 299 सेंटीमीटर लांब होता, वजन 433 ग्रॅम, आणि अंगाची वलयं 673! ती कुणीतरी बसून मोजली, याचं मला किड्याइतकंच अप्रूप वाटतं. इंडोनेशियातल्या लेंबे सामुद्रधुनीत तर काही मासे या किड्याचं बीळ दिसलं की घोळक्यानं जमतात आणि तोंडानं पाण्याच्या चुळा मारून त्याला आत पळवून लावतात. 2016 साली दोन स्विस संशोधकांनी हे नोंदवलं.

हे सगळं खरं आहे. पण बॅरीची बातमी झाली ती असं क्वचित घडतं म्हणून. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मात्र ज्याच्या टाकीतून मासा जातो त्याला तो बॅरीच वाटतो. तुमच्या किड्याच्या दोन्ही कडांना पांढुरक्या केसांचे झुपके दिसले असतील, तर तो ब्रिसल वर्म. लाइव्ह रॉक म्हणून आपण जो सच्छिद्र दगड विकत आणतो, त्याच्या भोकांतून तो फुकट घरी येतो. मेलेलं, कुजलेलं, उरलेलं खातो. धडधाकट पोहणारा मासा पकडणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

मग तो मेलेल्या माशावर का सापडतो? आपल्याकडची गिधाडं आठवा. गावकुसाबाहेर टाकलेल्या बैलावर गिधाडं बसलेली दिसायची, पण बैल गिधाडांनी मारला असं कुठल्याही शेतकऱ्याला वाटलं नाही. ती संपल्यावर त्यांचं काम कळलं. गुरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. 2006 मध्ये भारतानं गुरांसाठी त्यावर बंदी घातली, पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एखादं उरलं होतं. मढी तशीच कुजू लागली, भटकी कुत्री वाढली. टाकीतले किडे हटवले तर तेच होतं. फटीत मेलेला मासा सडतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि त्या अमोनियानं धडधाकट मासेही जातात. किडे, हर्मिट क्रॅब आणि गोगलगायी मिळून बोटभर लांबीचा मासा एका रात्रीत फस्त करतात. सकाळी काटासुद्धा दिसत नाही. म्हणजे मासा नाहीसा झाला याचा अर्थ बहुतेक वेळा तो आधी आपल्या मरणानं मेला, एवढाच.

टाकीत असे सफाई करणारे ठेवावेत, हे पहिल्यांदा कुणी दाखवलं? मत्स्यालयाचा इतिहास सांगताना फिलिप हेन्री गॉस याचं नाव घेतात, कारण 1854 चं त्याचं पुस्तक गाजलं आणि लंडनच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या आल्या. माझा माणूस मात्र रॉबर्ट वॉरिंग्टन. हा रसायनशास्त्रज्ञ. लंडनची केमिकल सोसायटी उभी राहिली ती याच्या खटपटीनं. त्यानं काचेच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, माशांची विष्ठा वनस्पतीला खत होईल, असा हिशेब. हिशेब बरोबर होता, तरी पाणी गढुळलं, कारण झडलेली पानं कुजत होती. तेव्हा त्यानं तळ्यातल्या काही गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी सडका पाला खाल्ला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी स्वच्छ राहिलं. 1850 मध्ये त्यानं हे सोसायटीपुढे मांडलं आणि पुढं खाऱ्या पाण्यातही करून पाहिलं. प्राणवायूचं गणित बऱ्याच जणांना सुचलं असतं. गोगलगायीचं श्रेय मात्र वॉरिंग्टनला द्यायला हवं, आणि ते फारसं कुणी देत नाही.

आता तो टक्-टक् आवाज. तो बहुधा पिस्तूल कोळंबीचा असावा. ती नांगी इतक्या झपाट्यानं मिटते की पाण्याची पिचकारी उडून तिच्यामागे बुडबुडा तयार होतो. आवाज नांगीचा नसून तो बुडबुडा फुटण्याचा असतो, हे 2000 साली कळलं. टाकीतल्या माशांना तिचा सहसा त्रास नसतो. काही गोबी मासे तर तिच्याच बिळात राहतात. आवाज मँटिस श्रिंप या ठोसेबाज प्राण्याचा असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या ठोशाचा वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत मोजला गेला आहे. ठोसेवाल्या जातींचा रोख मुख्यतः शंख-खेकड्यांवर, भालेवाल्यांचा माशांवर. तळाशी फुटलेले शंख दिसू लागले तर त्याचा संशय घ्या.

गेलेल्यांत रास जातीचा मासा असेल तर थोडं थांबा. बऱ्याच जातींचे रास रात्री वाळूत शिरून झोपतात, नवीन टाकीत बुजून काही दिवस तिथंच राहतात. फायरफिश आणि गोबी टाकीबाहेर उड्या मारतात. कपाटामागे, फिल्टरच्या कप्प्यात, सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीत, नीट शोधा. उघड्या टाकीवर बारीक जाळी हवीच.

माझा खरा संशय मात्र उन्हाळ्यावर आहे. आखात उथळ आहे, सरासरी खोली 35 मीटरच्या आसपास. बाष्पीभवन प्रचंड, त्यामुळे तिथलं पाणी खुल्या महासागरापेक्षा खारट. तुमच्या टाकीतही तेच चाललेलं असतं. वातानुकूलित, कोरड्या खोलीत पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. कमी झालेलं पाणी भरताना खारं पाणी ओतलं तर खारटपणा चढतच जातो. तिथं गोडंच पाणी घालायचं. आणि दुपारी घर बंद करून, एसी बंद करून बाहेर गेलात तर टाकी तापते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला तो जास्त लागतो. रात्री शेवाळही प्राणवायू ओढतं. पहाटेपूर्वी मासा मरतो आणि उजाडेपर्यंत सफाई झालेली असते.

तेव्हा पहाटे उठून तापमान, खारटपणा आणि अमोनिया मोजा. दिवे मालवल्यावर तासाभरानं लाल प्रकाशाच्या टॉर्चनं टाकी पाहा. ब्रिसल वर्मला हात लावू नका, त्याचे केस बोटांत मोडून आग होते. तो फारच वाढला असेल तर खाणं कमी घाला, किडे आपोआप घटतील. पाच मिशांचा, इंद्रधनुषी झाक असलेला जाडजूड किडा दिसला, तरच तो दगड वेगळ्या बादलीत काढा. आणि टाकीतून बाहेर काढलेलं काहीही, किडा असो की मासा, तारूतच्या खाडीत सोडू नका. दुकानातला दगड कुठल्या समुद्रातून आला हे आपल्याला ठाऊक नसतं.